संसारात राहून इच्छा आणि वैराग्य यांचा मेळ कसा घालायचा?

तुमची अडचण थोडक्यात अशी: नोकरीत बढती हवी आहे, स्वतःचं घर हवं आहे, पण गीता वाचायला घेतली की या सगळ्याची लाज वाटू लागते. मग दोन्हींचा तोल कसा सांभाळायचा?

माझं म्हणणं, 'तोल' हा शब्दच आधी बाजूला ठेवा. एका पारड्यात इच्छा आणि दुसऱ्यात वैराग्य असं धरून चाललं की माणूस आठवडाभर हपापल्यासारखा जगतो आणि रविवारी तासभर डोळे मिटून त्याची भरपाई करू बघतो. शास्त्रात वैराग्याचा सामना इच्छेशी नाहीच, रागाशी आहे. हा राग म्हणजे मराठीतला संताप नव्हे. संस्कृतात राग म्हणजे रंग चढणं, ओढ लागणं. योगसूत्रांत त्याची व्याख्या दोनच शब्दांची आहे: सुखानुशयी रागः (२.७). एकदा सुख मिळालं, त्याची आठवण उरली आणि मन त्या आठवणीच्या मागे लागलं, की तो राग. घर हवं ही इच्छा. घर झालं नाही तर मी कुणीच नाही, असं वाटणं हा राग. सोडायचं आहे ते दुसरं.

इच्छेला तर शास्त्राने स्वतःच जागा दिली आहे. धर्माच्या आड न येणारा काम, म्हणजे इच्छा, मीच आहे, असं गीतेत (७.११) श्रीकृष्ण म्हणतात. वेदान्ताच्या साधनचतुष्टयात, म्हणजे साधकाला लागणाऱ्या चार साधनांत, विवेक, वैराग्य, शम (मनाची शांती) वगैरे सहा गुण आणि मुमुक्षुत्व अशी यादी आहे. मुमुक्षुत्व म्हणजे सुटकेची इच्छा, म्हणजे वैराग्याच्या यादीतच एक तीव्र इच्छा बसलेली आहे.

आता करायचं काय ते. एका वेळी एकच इच्छा घ्या. रोज संध्याकाळी दहा मिनिटं वही घेऊन बसा आणि तिला तीन प्रश्न विचारा.

पहिला, ही कोणती एषणा, म्हणजे कोणत्या प्रकारची ओढ? बृहदारण्यक उपनिषदात तीन सांगितल्या आहेत: पुत्रैषणा (संततीची), वित्तैषणा (धनाची), लोकैषणा (आज आपण जिला लोकांत नाव-मान मिळवण्याची ओढ म्हणतो ती). वरवर वित्ताची वाटणारी इच्छा बरेचदा आतून लोकैषणा निघते. घराचं स्वप्न बघताना मनात खोल्या किती वेळ दिसतात आणि गृहप्रवेशाला आलेल्या पाहुण्यांचे चेहरे किती वेळ, हे प्रामाणिकपणे लिहा. दुसरा, ती पुरी करताना कुणाचा हक्क, दिलेला शब्द किंवा स्वतःची तब्येत पायदळी जाते का? जात असेल तर ती धर्माला धरून राहिली नाही, इथेच थांबा. तिसरा, ती अडली तर मी कुणावर चिडतो? हा प्रश्न सगळ्यात कामाचा. गीतेतली साखळी (२.६२-६३) विषयाच्या चिंतनापासून सुरू होते. त्यातून संग, म्हणजे आसक्ती, संगातून काम, कामातून क्रोध, मग संमोह, स्मृतिभ्रंश, बुद्धिनाश आणि शेवटी सर्वनाश. आपण राग हा शब्द क्रोधासाठी वापरतो ते एका अर्थी सोयीचंच म्हणायचं. जिथे मराठी राग येतो, तिथे थोडं मागे संस्कृत राग सापडतोच.

साखळी तोडायची तर पहिल्याच कडीवर, चिंतनावर. काम जागा झाल्यावर त्याच्याशी झुंजणं फार महाग पडतं. जवळचं उदाहरण घ्या. तुम्ही फोटो टाकला आहे. दोन मिनिटांत हात फोनकडे जातो, अंगठा पडद्यावर टेकण्याआधीच किती जणांना आवडला असेल याचा आकडा मनात तयार असतो. तिथे हात न हलवता एक पूर्ण श्वास घ्या आणि मनातल्या मनात फक्त नाव घ्या: लोकैषणा. मग फोन बघायचा तर बघा. बंदी घालू नका. श्वासाएवढी फट पडली, एवढंच त्या दिवसाचं काम.

कर्माच्या बाबतीत वहीचं पान मधोमध दुमडा. डावीकडे हातातली कामं: कोणतं कौशल्य शिकायचं, कोणता अहवाल कधी द्यायचा, प्रत्येकापुढे तारीख. उजवीकडे हाताबाहेरचं: वरिष्ठांचा निर्णय, स्पर्धक, कंपनीची परिस्थिती. रोज डावी बाजूच वाचायची. कर्मण्येवाधिकारस्ते सगळ्यांना पाठ असतं, पण त्या श्लोकाचा चौथा चरण बहुतेक जण गिळून टाकतात: मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि, काही न करण्याचीही आसक्ती नको. 'फळाची आशा नाही' म्हणत अर्ज न भरणारा माणूस निष्काम नसतो, नकाराला भ्यालेला असतो. कष्टाच्या भीतीने कर्म टाकणं हा राजस त्याग, आणि त्याचं फळ मिळत नाही, असं गीतेने (१८.८) स्पष्टच म्हटलं आहे.

यासोबत एक छोटा नियम घ्या, मुदतीचा. एकच गोष्ट सोडायची, ४० दिवस. सगळ्यात अवघड गोष्ट निवडू नका, मधली निवडा. नियम संपल्यावरचा आठवडा मात्र नीट बघा, खरी परीक्षा तिथे आहे. सोडलेली गोष्ट दुपटीने परत आली, तर विषय सुटला होता पण रस, म्हणजे त्याची गोडी, राहिला होता (गीता २.५९). हे अपयश नाही, मोजमाप आहे. नियम लहान करून पुन्हा घ्या.

प्रगती मोजायला योगसूत्रांच्या टीकाकारांनी वैराग्याच्या चार पायऱ्या दिल्या आहेत. यतमान: प्रयत्न सुरू झाला. व्यतिरेक: कोणती ओढ गळली, कोणती अजून शिल्लक, याचा हिशेब मांडता येतो. एकेन्द्रिय: इंद्रियं धावत नाहीत, मनात नुसती उत्सुकता उरते. वशीकार: तीही नाही. संसारी माणसाने बहुतेक इच्छांच्या बाबतीत व्यतिरेकापर्यंत पोचणं हे माझ्या मते भरपूर आहे. पोचल्याचा भास मात्र लगेच शेवटच्या पायरीचा होतो, म्हणून ती वही.

चुकतं कुठे? एक, स्मशानवैराग्य. धक्का बसला की सगळं फोल वाटतं आणि पंधरा दिवसांत ओसरतं. त्या भरात नोकरी सोडण्यासारखा मोठा निर्णय घेऊ नका. दोन, द्वेषाला वैराग्य समजणं. प्रेमात किंवा धंद्यात फटका बसल्यावर 'मला आता काही नको' म्हणणाऱ्याच्या तोंडी तीच वस्तू दिवसातून दहादा येते. सुटलेली गोष्ट इतकी आठवत नाही. तीन, हाताला लगाम आणि मनाला मोकळं रान. गीता (३.६) याला मिथ्याचार, म्हणजे ढोंग, म्हणते. चार, वैराग्याचं प्रदर्शन. लोकैषणेला साधा वेशही चालतो.

पाचवी चूक जास्त गंभीर आहे: उदासीला वैराग्य समजणं. तुकोबा म्हणतात, 'जोडोनिया धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी ।।'. यातला उदास म्हणजे दुःखी नव्हे, उदासीन, जरा वर बसून बघणारा. धन जोडायला मनाई नाही, ते चोख व्यवहाराने जोडायचं आणि न गुंतता खर्च करायचं, असा तो चरण आहे. पण आजच्या अर्थाची उदासी, म्हणजे झोप उडालेली, भूक मेलेली, आवडीच्या माणसांशीही बोलावंसं न वाटणं, हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर त्याला वैराग्य म्हणू नका. डॉक्टरांना भेटा. जीव नकोसा वाटत असेल तर दोन आठवडे थांबूही नका. रागद्वेष सुटलेल्या मनाला प्रसाद, म्हणजे प्रसन्नता, येते असं गीतेत (२.६४) आहे. खरं वैराग्य आलं की काम हलकं होतं, माणसं जड वाटत नाहीत.

तुमच्या दोन इच्छांपैकी सुरुवात बढतीपासून करा. तिला निकालाची तारीख असते, त्यामुळे मनाचा खेळ लवकर पकडता येतो. निकालाच्या आदल्या रात्री वहीचं पान काढा. डाव्या बाजूचं एखादं काम राहिलं असेल तर ते करा, नसेल तर वही मिटून झोपा. घराची इच्छा लांब पल्ल्याची आहे, ती नंतर घ्या.