पाठ टेकते, पण विश्रांती मिळत नाही

प्रश्न : शवासनात दोन मिनिटांतच कंबर भरून येते. कधी याच्या उलट होतं, लगेच झोप लागते आणि उठल्यावर डोकं जड होतं. नेमकं काय चुकतंय?

हठप्रदीपिका या हठयोगावरच्या जुन्या ग्रंथात शवासनाला एकच श्लोक दिला आहे : जमिनीवर प्रेतासारखं उताणं पडणं म्हणजे शवासन, ते श्रम घालवतं आणि चित्ताला विश्रांती देतं. कंबर दुखत असेल तर काय करावं, हे त्यात नाही. ते शरीराकडे बघूनच ठरवावं लागतं.

कमरेच्या मणक्यांपासून मांडीच्या हाडापर्यंत जाणारे स्नायू दिवसभर खुर्चीत बसून आखडतात. पाय सरळ केले की ते कमरेला वर ओढतात आणि तिथे पोकळी तयार होते. उताणं पडून कमरेखाली तळहात सरकवून पाहा. तो सहज आरपार जात असेल तर गुडघ्यांखाली लोड ठेवा. लोड नसेल तर ब्लँकेटची घट्ट गुंडाळी करा, साधारण 15 ते 20 सेंटिमीटर उंचीची. कंबर आपोआप खाली बसते. उशी थेट कमरेखाली सारण्याचा मोह टाळा, त्याने बाक आणखी वाढतो.

मग डोकं बघा. हनुवटी छताकडे वळली असेल तर मानेचा मागचा भाग आवळलेला राहतो. टॉवेलची दोन-तीन सेंटिमीटरची घडी डोक्याखाली घाला. कपाळ हनुवटीपेक्षा किंचित वर आलं की पुरे. पायांत दीड फूट अंतर, हात अंगापासून वीतभर दूर, तळवे वर. अंगावर पातळ चादर हवीच. स्थिर पडल्यावर अंग गार पडत जातं, आणि थंडी वाजत असताना स्नायू सैल सोडता येत नाहीत. गादीही टाळा, तिच्यात नितंब रुततात आणि वर केलेली सगळी मांडणी बिघडते.

झोपेचं म्हणाल तर रोज लागत असेल तर आधी रात्रीची झोप मोजा. ती पुरी होत असूनही डुलकी येत असेल तर एक हात कोपरापासून सरळ उभा ठेवा. डोळा लागला की तो कलतो आणि जाग येते. वेळ 10 ते 15 मिनिटं. उठताना कुशीवर वळा, चार-पाच श्वास थांबा, हाताचा आधार घेऊन बसा. ताडकन उभं राहिलं की रक्तदाब क्षणभर उतरतो आणि भोवळ येते. गर्भवतींनी पाचव्या महिन्यानंतर उताणं न पडता डाव्या कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन विश्रांती घ्यावी.

प्रश्न : दीर्घ श्वसन करताना बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. ही प्रगतीची खूण मानायची का?

नाही. तुम्ही गरजेपेक्षा जास्त हवा आतबाहेर करत आहात. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून ओठांना, बोटांना मुंग्या येतात. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्याही आकुंचन पावतात, म्हणून गरगर. ‘दीर्घ’ म्हणजे भरपूर नव्हे, सावकाश. नेहमीइतकाच श्वास घ्या, फक्त संथ : चार अंक मोजेपर्यंत आत, सहापर्यंत बाहेर, दोन्ही नाकानेच. पोटावर ठेवलेला हात हळू वर-खाली व्हावा, खांदे हलू नयेत. पाच मिनिटं पुरतात. सहा अंक मोजताना धाप लागली तर तीनपर्यंत आत, चारपर्यंत बाहेर करा. उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर श्वास रोखून धरू नका.

प्रश्न : ध्यानाला बसलं की विचार वाढतात आणि पायही बधिर होतात.

विचार वाढत नाहीत, एरवी त्यांच्याकडे लक्ष नसतं इतकंच. पायांचं कारण बैठकीत आहे. गुडघे नितंबांच्या वर राहिले की ओटीपोट मागे कलतं, पाठ गोल होते. ब्लँकेटच्या 10 ते 15 सेंटिमीटर घडीच्या पुढच्या काठावर बसा, गुडघे खाली आले पाहिजेत. तेही न जमल्यास खुर्ची घ्या, पावलं पूर्ण टेकलेली. यात कमीपणा नाही.

उच्छ्वास मोजा, एक ते दहा, पुन्हा एक. मध्येच आकडा चुकला तर एकपासून. आणि एकदम लक्षात आलं की आपण तेविसावर पोचलोय, तर मोजणी यंत्रवत चालली होती. हसा आणि परत एक. आठ मिनिटांपासून सुरुवात करा. डोळे मिटल्यावर घबराट वाढत असेल तर ते अर्धवट उघडे ठेवा. तरी थांबली नाही तर ध्यान बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

प्रश्न : झोपण्यापूर्वी तळपायांना तेल लावायचं आहे. कोणतं, किती?

आयुर्वेदाचे प्राचीन ग्रंथकार वाग्भट यांनी अभ्यंग, म्हणजे अंगाला तेल चोळणं, रोज करावा असं सांगताना डोकं, कान आणि पाय यांवर विशेष भर दिला आहे. पायांपासून सुरुवात करणं सगळ्यांत सोपं. तिळाचं तेल घ्या. तळपायांची आग होत असेल तर खोबरेल. एका पायाला एक चहाचा चमचा पुरतो, जास्त घेतलं तर ते पायापेक्षा चादरीलाच लागतं. तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा, आचेवर नको. अंगठ्याने टाचेकडून बोटांकडे लांब, ठाम दाब द्या. घोट्याभोवती गोल फिरवा. एका पायाला पाच मिनिटं. पंधरा मिनिटांनी पुसा आणि फरशीवर पाऊल ठेवण्याआधी जुने सुती मोजे घाला, घसरून पडण्याची भीती खरी असते.

अपचन झालं असेल किंवा कफ वाढला असेल तर अभ्यंग वर्ज्य, हेही वाग्भटांनीच सांगितलं आहे. मधुमेहामुळे संवेदना कमी झाल्या असतील तर तेल किती गरम आहे ते दुसऱ्याकडून तपासून घ्या. बोटांच्या बेचक्यांत तेल लावू नका, तिथे ओल राहून बुरशी होते. भेगांतून रक्त येत असेल तर आधी उपचार. कानाचा पडदा फाटलेला असेल तर कानात तेल अजिबात नको.

प्रश्न : ताण कमी व्हावा म्हणून अश्वगंधा मनाने सुरू करावी का?

नको. थायरॉइडची किंवा झोपेची औषधं चालू असतील, यकृताचा त्रास असेल किंवा गर्भधारणा असेल तर ती अपाय करू शकते. वैद्यांना भेटताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी सोबत न्या.