“बाबा मुद्दाम हरतात, मला कळतं”

“रविवारी संध्याकाळी तासभर सगळ्यांनी मिळून खेळायचं ठरवतो, पण शेवटी कुणीतरी रडतं नाहीतर कुणीतरी मोबाईल काढतं. आमचं काय चुकतंय?” हा प्रश्न समुपदेशनात वारंवार येतो. या घरात आई, बाबा, बारा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) आईची तक्रार मुलाबद्दल होती: त्याला हार पचत नाही. बाबांची अडचण वेगळी होती आणि ती त्यांनी जरा संकोचूनच सांगितली. त्यांना या खेळांचा कंटाळा येतो.

आधी दोन रविवार फक्त नोंद ठेवायला सांगितलं. कोणता खेळ, किती वेळ चालला, नेमकं कुठे बिनसलं. “तो चिडका आहे” असलं काही लिहायचं नाही. वहीत तीन खेळ आले: व्यापार, सापशिडी आणि बुद्धिबळ. तिन्ही वेगवेगळ्या कारणांनी फसत होते.

व्यापार दीड तास चालायचा आणि मुलाचं दिवाळं अर्ध्या वाटेतच निघायचं. उरलेला वेळ आपल्या नोटा दुसरे मोजताना बघत बसायचं. पट उधळला गेला तो याच वेळी, दोन्ही रविवारी. म्हणजे राग हरण्याचा कमी, हरून बाहेर बसण्याचा जास्त. सापशिडीत फासा सांगेल तेवढी घरं सरकायचं, ठरवण्यासारखं काहीच नाही. शिवाय शेवटी शंभरावर नेमकं दान पडेपर्यंत थांबायचं. बाबांचा मोबाईल इथे बाहेर यायचा, आणि त्यात त्यांचा दोष फारसा नाही. बुद्धिबळात याच्या उलट: नशिबाला जागाच नाही. बाबा मन लावून खेळले की मुलावर झटपट मात. म्हणून ते आपला वजीर मुद्दाम मारू द्यायचे. मुलाशी वेगळं बोलताना तो म्हणाला, “बाबा मुद्दाम हरतात, मला कळतं.” जिंकूनही तो खूश का नसतो, हे आईला पडलेलं कोडं तिथे सुटलं.

तेव्हा खेळ असा हवा होता, की मोठ्यांनी पूर्ण ताकदीने खेळावं आणि तरी लहानाला जिंकायची खरी संधी राहावी. डाव छोटा हवा आणि मधेच कुणी बाद होता कामा नये. विकत काही आणायची गरज नव्हती. पत्त्यांचा कॅट घरात होताच. बदाम सात सुचवला.

जोकर काढून 52 पानं चौघांत वाटली की प्रत्येकी 13. बदाम सत्ती ज्याच्याकडे, त्याची उतारी. मग आपापल्या पाळीला त्याच रंगाची छक्की किंवा अठ्ठी लावायची, नाहीतर दुसऱ्या रंगाची सत्ती उघडायची. खाली एक्क्यापर्यंत, वर राजापर्यंत. लावण्यासारखं पान नसेल तर पास. हात आधी रिकामा होईल तो जिंकला. पानं कशी येतील हे नशीब; पण लावता येणाऱ्या दोन-तीन पानांतलं आधी कोणतं, हे डोकं. इस्पिक सत्ती हातात आहे आणि इस्पिकचा राजा किंवा एक्काही आपल्याकडेच आहे, तर सत्ती लवकर उघडावी. इस्पिकची टोकाची पानं आपल्याकडे नसतील तर ती शक्य तितकी मागे ठेवावी, बाकीचे अडकतात. बाबांचा कंटाळा इथे गेला.

पहिल्या रविवारी तरीही भांडण झालं. आईच्या माहेरी पान असलं तरी दडवून पास म्हणता यायचं, बाबांच्या घरी ते चालायचं नाही. दोघंही आपलाच नियम खरा म्हणून अडून बसले आणि मुलं बघत राहिली! नियम कोणता, याला महत्त्व नाही. पानं पिसण्याआधी तो बोलून ठरवायला हवा. लहान मूल असेल तर “पान असेल तर लावायचंच” हा बरा, कारण तो मोडला की डावाच्या शेवटी उघडं पडतं.

दुसरी अडचण हाताची. आठ वर्षांच्या मुठीत 13 पानं मावत नाहीत. ती सांडतात, दिसतात, मग “तू बघितलंस” सुरू होतं. त्याच्यासमोर एक वही उघडून आडोशासारखी उभी केली आणि मागे चार रंगांच्या चार ओळी मांडायला सांगितल्या. कोणतं पान लागेल हेही मग त्याला चटकन दिसू लागलं. तिसरं म्हणजे गुण. उरलेल्या पानांच्या आकड्यांची बेरीज केली तर एकटा राजा 13 गुणांना पडतो आणि पहिल्याच डावात मूल हताश होतं. त्याऐवजी उरलेली पानंच मोजायची. चार डाव, मग बंद. “अजून एक” नाही. हा हट्ट जास्त करून बाबाच करतात, हेही वहीत आलं.

मुलीला मात्र पत्त्यांत फार रस नव्हता. तिच्यासाठी नाव-गाव-फळ-फूल ठेवलं. ण आणि ळ आधीच बाद करायचे, त्यांनी सुरू होणारं गाव कुठून आणणार? वेगळा शब्द असेल तर 10 गुण, दोघांचा सारखा आला तर 5. मोठ्यांची शब्दसंपदा जास्त, म्हणून त्यांनी प्राणी आणि पदार्थ हे दोन रकाने जादा भरायचे, गुण मात्र पहिल्या चारांचेच. वेळ सगळ्यांना सारखा. ही सवलत उघड आहे, सगळ्यांसमोर ठरलेली, त्यामुळे मुलाला ती टोचली नाही. दोन फेऱ्या झाल्या की मुलगी उठून जाते, आणि तिला थांबवायचं नाही असं ठरलं आहे.

बुद्धिबळ मुलाने स्वतःच परत काढला. आता बाबा वजीर पटावर ठेवतच नाहीत आणि पुढे एकही चाल सोडत नाहीत. मुलगा सलग दोन डाव जिंकला की वजीर परत येतो आणि त्याऐवजी एक हत्ती बाहेर. नंतर हत्तीऐवजी घोडा. वजिराची पायरी पार करायला सहा आठवडे लागले. सध्या गाडी हत्तीवर अडली आहे.