घरी केलेला साबण कुत्र्याला चालेल का?

प्रश्न : मी खोबरेल तेल आणि कॉस्टिक सोडा वापरून घरी साबण तयार करते. आमच्या लॅब्राडॉरला त्याच साबणाने आंघोळ घातली तर चालेल का?

उत्तर : तो टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा रीतीने केलेला साबण, तो कितीही शुद्ध असला आणि चार ते सहा आठवडे नीट मुरवलेला असला, तरी अल्कधर्मीच राहतो. त्याचा सामू (pH, म्हणजे पदार्थ किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी आहे ते दाखवणारा आकडा) साधारणपणे ९ ते १० असतो, तर कुत्र्याच्या त्वचेचा सामू ७ च्या आसपास असून तिचा वरचा थर आपल्या त्वचेपेक्षा पातळ असतो. त्यामुळे त्वचेवरील नैसर्गिक तेलकटपणा निघून जाऊन कोंडा आणि खाज सुरू होऊ शकते. बोअरच्या जड पाण्यात तर साबणाचा चिकट थर दाट केसांच्या मुळाशी, विशेषतः काखेत आणि पोटाखाली, तसाच राहतो आणि कुत्रा तो चाटत बसतो. सुगंधासाठी टी ट्री तेल घातले असेल, तर तो साबण त्याच्याजवळ नेऊच नये, कारण ते तेल कुत्र्यांना विषारी ठरते. कुत्र्यांसाठीचा सौम्य शाम्पू कोमट पाण्यासोबत वापरावा. त्वचा आधीच लाल झाली असल्यास मात्र प्रथम पशुवैद्यकांना दाखवावे.