लाल टोपी, निळ्या जर्सी आणि एक शनिवार

प्रश्न : ताई, आमचा मुलगा दहा वर्षांचा आहे. सेंट लुइसमध्ये जन्मला आणि तिथेच वाढला. गेल्या वर्षी ह्यांची नोकरी बदलली आणि आम्ही शिकागोजवळ दिरांच्या गावात राहायला आलो. सध्या सासू-सासरे भारतातून आले आहेत, म्हणून दोन्ही घरांनी एक शनिवार-रविवार एकत्र घालवायचं ठरलंय. शनिवारी दुपारी रिग्ली फील्डवर बेसबॉलचा सामना आहे : शिकागोचे कब्स, त्यांच्या घरच्या मैदानावर, विरुद्ध सेंट लुइसचे कार्डिनल्स. दिरांनी सगळ्यांची तिकिटं काढली, वर सगळ्यांना कब्सच्या निळ्या जर्सीही आणल्या. मुलगा म्हणतो, 'मी कार्डिनल्सची लाल टोपी घालूनच येणार, जर्सी घालणार नाही.' जाऊबाई म्हणाल्या, 'एका दिवसाचा तर प्रश्न आहे, घरच्यांसाठी एवढंही जमत नाही?' सासूबाईंना लाल-निळ्याचं एवढं काय ते कळत नाही. आणि हे म्हणतात, 'पोरांची भांडणं, तू बघ.' मुलावर जबरदस्ती करू, की दिरांचं मन दुखवू?

उत्तर : जर्सी पोरांनी आणलेल्या नाहीत, त्यामुळे हे पोरांचं भांडण नाही. तुमच्या यजमानांनी आजच भावाला फोन करावा. भावाभावांत दोन मिनिटांत मिटेल ते जावाजावांत चातुर्मासभर पुरतं.

जर्सी घालायला लावू नका. वर्षभरात त्याची शाळा सुटली, मित्र सुटले, घर सुटलं. टोपी तेवढी बरोबर आली. ती काढून दुसऱ्या गावाचा रंग चढव म्हणणं त्याला 'एका दिवसाचा प्रश्न' वाटणार नाही.

सासूबाईंना लू ब्रॉकची गोष्ट सांगा, त्यांना ती आवडेल. १९६४च्या जूनमध्ये कब्सनी हा तरुण खेळाडू कार्डिनल्सना देऊन टाकला आणि बदल्यात मुख्यतः एर्नी ब्रोलिओ नावाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, घेतला. पिचरचा हात दुखावला. इकडे ब्रॉक गेला त्याच वर्षी कार्डिनल्सनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाचं विजेतेपद, जिंकली, आणि त्याने आयुष्यात एकूण ९३८ बेस चोरले, म्हणजे चेंडू टाकला जात असतानाच धावून पुढचा टप्पा गाठला. शिकागोतली जुनी माणसं अजून त्या सौद्याच्या नावाने कपाळावर हात मारतात. दोन शहरांत अंतर ३०० मैलांच्या आसपास, आणि मधल्या इलिनॉय राज्यात एकाच गल्लीत एका घरावर लाल झेंडा तर शेजाऱ्याकडे निळा.

दिरांशी बोलताना मात्र दुसरा मुद्दा काढा. ते कब्सचे कधीपासून? २०१६च्या आधीपासून असतील तर त्यांना काही समजवायला लागू नये. १९०८नंतर थेट २०१६ला विजेतेपद, म्हणजे मध्ये १०८ वर्षं! आजोबा वाट बघत गेले, वडील वाट बघत गेले, तरी नातवंडांनी संघ बदलला नाही. अशा संघाचा चाहता दहा वर्षांच्या पोराला 'गाव बदललं, आता संघ बदल' कोणत्या तोंडाने सांगणार? शिवाय या मैदानाला हट्टाचं वावडं कधीच नव्हतं. बाकी सगळीकडे रात्रीचे सामने रुळून कैक वर्षं झाली तरी रिग्लीवर १९८८च्या ऑगस्टपर्यंत दिवे नव्हते. मी शिकागोत आले त्या काळात आमच्या ऑफिसातली मंडळी उन्हाळ्यात भर दुपारी 'दाताच्या डॉक्टरकडे' म्हणून जात आणि उन्हाने नाक लाल करून परत येत. साहेबही जायचे, म्हणून कोणी विचारत नसे.

मुलगा पुढे कब्सचा होणारच नाही असं मी म्हणत नाही. हॅरी केरी २५ वर्षं कार्डिनल्सच्या सामन्यांचं समालोचन करत होते. पुढे आणखी दोन संघ झाले आणि १९८२पासून ते कब्सचे झाले ते शेवटपर्यंत. नऊपैकी सातव्या इनिंगच्या मध्यात बूथमधून बाहेर वाकून सगळ्या मैदानाकडून गाणं म्हणवून घ्यायचे. आज त्यांचा पुतळा रिग्लीबाहेर उभा आहे, शनिवारी दाखवा त्याला. फक्त 'बघ, हेसुद्धा बदलले' असं काही म्हणू नका. पुतळा दाखवा आणि पुढे चला.

आता मुलाचं. टोपी घालायची मुभा म्हणजे काकाच्या तिकिटावर बसून काकालाच टोमणे मारायची मुभा नव्हे. कब्सनी होमरन (आपल्या षटकारासारखा) मारला तर चुलत भावंडं उड्या मारणार, तेव्हा याने तोंड पाडून बसायचं नाही. जिंकले तर काकाशी हात मिळवायचा. आदल्या रात्री सगळ्या मुलांना ८ सप्टेंबर १९९८च्या सामन्याचा व्हिडिओ दाखवा. कार्डिनल्सच्या मॅग्वायरने मोसमातला ६२वा होमरन मारून जुना विक्रम मोडला, तोही कब्सविरुद्धच. विक्रमाच्या त्या शर्यतीत त्याच्या मागोमाग असलेला कब्सचा सोसा राइट फील्डमधून, म्हणजे मैदानाच्या उजव्या टोकाकडून, धावत आला आणि त्याला मिठी मारली. (नंतर उत्तेजकांचं प्रकरण निघालं. ते मुलं मोठी झाली की सांगा.)

फोटोचं म्हणाल तर लाल टोपीवाल्याला आजोबांच्या शेजारी मधोमध उभं करा. जाऊबाईंना निळा फोटोच हवा असेल तर तो रविवारी जेवणानंतर सासू-सासऱ्यांना जर्सी घालून काढा. ती दोघं हौसेने घालतील.

एक विचारून ठेवा : तिकिटं ब्लीचर्सची, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या उघड्या स्टँडची, तर नाहीत ना? तिथे बाकं असतात आणि डोक्यावर ऊन, सासऱ्यांची पाठ धरेल. शिवाय पाहुण्या संघाच्या होमरनचा बॉल तिथे आला की 'फेक परत!' असा गिल्ला होतो आणि ज्याने पकडला तो बहुतेक वेळा मैदानात फेकतोही. कार्डिनल्सचा बॉल तुमच्या मुलाच्या हाती आला तर तो त्याने ठेवायचा. आजूबाजूचे ओरडू लागले तर त्यांना गप्प करायचं काम दिरांचं, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.