रविवार तुझा

बाळा,

परवा रंकाळ्यावर भेटलास तेव्हा एकच विचारत होतास, ‘काकू, अंथरुणावरच्या बाबांना सांभाळायला भरवशाची बाई कुठं मिळेल?’ चार महिन्यांत तिसरी मावशी सोडून गेली, दादानं हात वर केले, तू पुण्यात. तुझं तोंड बघून मला बोलवेना, म्हणून लिहिते.

दादाचं आधी संपवते. 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यानं बाबांना प्रांताधिकाऱ्यांकडं अर्ज करून निर्वाहखर्च मागता येतो, महिन्याला जास्तीत जास्त 10,000 रुपये. करायचा तर कर. सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान कार्डही काढून ठेव, पण त्यावर मिळणारे 5 लाख दवाखान्यात दाखल झाल्यावरच्या उपचारांचे. मावशीचा पगार त्यातून निघत नाही. पैशाची गोष्ट एवढीच. मावशी टिकत का नाही, ते मला विचार.

माझी आई खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळली तेव्हा ब्युरोकडून एक बाई आली. कागलहून पहिल्या एसटीनं यायची. मी बँकेतून आले की दारातूनच विचारायची, ‘बरं आहे ना सगळं?’ ‘बरं आहे, ताई.’ सात आठवडे हेच. एका शनिवारी संध्याकाळी पावडरच्या वासाखाली दुसराच वास आला. आईला कुशीवर केलं, तर माकडहाडावर रुपयाएवढी काळी जागा, कडा ओल्या. त्या बाईला मी उभ्या पावली घालवलं. काय काय बोलले ते आज लिहवत नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. आईला वळवायला एकटी गेले आणि वळवता येईना. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली. चादर गोळा झाली, आई कळवळली, माझ्या कमरेत उसण भरली. दर 2 तासांनी कूस बदला, असं डॉक्टरांनी सांगितलेलं मी त्या बाईला ऐकवलं होतं. बारा तासांच्या पाळीत सहा वेळा, एकटीनं, सात आठवडे एकही सुट्टी नाही. मी एकदाही हात लावून पाहिलं नव्हतं. तिची माफी मागायची राहून गेली.

तेव्हापासून माझा एकच हट्ट. रविवारी मावशीला पगारी सुट्टी, आणि रविवार आपला. स्पंजिंग आपण, डायपर आपण, कूस आपण. दुसरी मावशी आईजवळ साडेतीन वर्षं, शेवटपर्यंत राहिली, ती याच्यामुळं. ती जखम भरायला चार महिने गेले, पण पुन्हा दुसरी झाली नाही. भाऊ अजून म्हणतो, आश्रमात ठेवलं असतं तर तुझी सांगलीची बढती गेली नसती. गेली तर गेली. मी चुकले असं मला आजही वाटत नाही, कुणी कितीही म्हणो.

तू कॅमेरा लावलास म्हणे. कॅमेऱ्यात पाठ दिसते का रे? हवेची गादी आणलीस ते चांगलं केलंस, पण गादी आली म्हणून कूस बदलायची सुटत नाही. बाबांना पाण्याचा ठसका लागतो हे तुला फोनवर कळतं. आडवं असताना लागतो की बसल्यावर, हे कोण बघणार? सरळ बसव, छोटा चमचा घे, तोंडाची जी बाजू धड चालते तिकडच्या गालात घास दे, जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नको. पांढरा रस्सा मागतात ना? तोही पाण्यासारखा पातळ, ठसका लागायचा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नको. आणि ‘नाही’ म्हणायचं काम तू कर. आठवडाभर मावशीच नाही म्हणत राहिली तर बाबांच्या लेखी तीच वाईट, आणि मग ती कशाला थांबेल?

शनिवारी रात्री दमून पोहोचतोस, मला ठाऊक आहे. तरी रविवार तुझाच. एखादा चुकला तर बहिणीला बोलव, पण मावशीची सुट्टी मोडू नको.

येत्या रविवारी सकाळी सातला मी येते. एक जुनी सुती चादर चौघडी करून ठेव, बाबांच्या खांद्यापासून मांडीपर्यंत येईल एवढी. ती अंगाखाली घालून दोघांनी कसं वळवायचं ते दाखवते. नंतर एकट्यानं कसं करायचं तेही. नखं कापून ये.

तुझी काकू