५०० गिगावॅट होईलही. नफा कुणाचा, ते आधी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय पस्तिशीचं, कराडला स्वतःचं घर, हाताशी पाच लाख. सरकारनं २०३० पर्यंत कोळसा-तेलाशिवायच्या ५०० गिगावॅट वीजक्षमतेचं उद्दिष्ट ठेवलंय, तर सौर-पवन कंपन्यांचे शेअर घेऊन दहा वर्षं विसरून जावं का? आणि पुढे तुम्ही लिहिलंय, ‘सरकारच मागे आहे म्हटल्यावर बुडणार कसं?’

सरकार मागे आहे हे खरं, पण ते आपली जागा बदलत राहतं, आणि या धंद्यातला नफा ते कुठे उभं आहे त्यावर ठरतो. म्हणून उद्दिष्ट गाठलं जाणार की नाही ही चर्चा मी बाजूलाच ठेवतो. (त्या ५०० मध्ये मोठी जलविद्युत आणि अणुऊर्जाही धरलेली आहे, हे बहुतेक बातम्यांत गळतं.) देशाची सौर क्षमता जानेवारी २०२५ मध्येच १०० गिगावॅटच्या पुढे गेली. वीज तयार होईल. ती करणाऱ्याच्या हाती काय उरेल, हा प्रश्न वेगळा.

कराडचे आहात तर पाटणच्या वर वनकुसवड्याचं पठार पाहिलं असेल, निदान चाळकेवाडी तरी. त्या पवनचक्क्या उभ्या करायला पैसे कुणी घातले? बऱ्याचशा चक्क्यांचे मालक वीजधंद्यातले नव्हतेच. कापडवाले, औषधवाले, बांधकामवाले, सिनेमातली माणसंही त्यात होती. कारण होतं प्राप्तिकरातला घसारा, म्हणजे यंत्र झिजतं म्हणून त्याच्या किमतीचा काही भाग करपात्र नफ्यातून वजा करायची मुभा. पहिल्याच वर्षी आधी १०० टक्के आणि नंतर ८० टक्के घसारा मिळायचा. एक कोटीची चक्की घेतली की ८० लाख नफ्यातून वजा, म्हणजे तेव्हाच्या साधारण ३५ टक्के करानं २८ लाख रुपये पहिल्याच वर्षी वाचले. वारा वाहो न वाहो.

यातली खरी गंमत तारखांची आहे. आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर घसारा निम्मा मिळतो. त्यामुळे चक्क्या सुरू करायची घाई सप्टेंबर संपायच्या आत, नाहीतर मार्चअखेर निम्म्या सवलतीसाठी. आपल्या पठारांवरचा जोराचा वारा मात्र जून ते सप्टेंबरचा. म्हणजे पावसाळ्यातला सगळा वारा वाया घालवून चक्की सुरू केली तरी मालकाचं काही अडत नव्हतं, कारण सवलत उभारणीला होती, युनिटला नव्हती. जागा निवडताना, देखभाल करताना हीच वृत्ती दिसायची. २००९ च्या अखेरीस केंद्रानं युनिटमागे ५० पैशांचं प्रोत्साहन आणलं, तेव्हा कुठे निर्मितीकडे लक्ष वळायला लागलं.

एप्रिल २०१२ मध्ये वाढीव घसारा काढला आणि ते ५० पैसेही थांबले. आदल्या वर्षी देशात ३,२०० मेगावॅटच्या आसपास पवनक्षमता वाढली होती, त्या वर्षी ती साधारण १,७०० वर आली. वारा तोच, तंत्रज्ञान तेच! पुढे दोन्ही सवलती परत आल्या, २०१६-१७ मध्ये साडेपाच हजार मेगावॅटच्या घरात विक्रमी उभारणी झाली, आणि लगेच दुसरा फटका बसला. फेब्रुवारी २०१७ च्या पहिल्या पवन लिलावात (जो सगळ्यात कमी दर मागेल त्याला प्रकल्प) दर युनिटमागे ३ रुपये ४६ पैसे निघाला, डिसेंबरात गुजरातमध्ये २ रुपये ४३ पैसे. त्याआधी राज्याचा वीज नियामक आयोग दर ठरवून द्यायचा. महाराष्ट्रात २००३ च्या आदेशानं साडेतीन रुपये आणि दरवर्षी १५ पैसे वाढ, असं तेरा वर्षांसाठी होतं. म्हणजे तेराव्या वर्षी ५ रुपये ३० पैसे. करार संपलेल्या जुन्या चक्कीवाल्याला पुढे तो दर कोण देणार होतं?

आता सुझलॉन, पवनचक्क्या बनवणारी कंपनी. २००५ मध्ये शेअर ५१० रुपयांना विकला, पुढे एका शेअरचे पाच झाले त्याचा हिशेब लावला तर १०२ रुपयांना. २००८ च्या सुरुवातीला तो ४०० च्या वर होता. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये कंपनी परकीय रोख्यांची परतफेड चुकली आणि २०२० मध्ये शेअर दोन रुपयांच्या आसपास लोळत होता. कर्ज काढून परदेशी कंपनी घेतली, अमेरिकेत पात्यांना तडे गेले, ही कारणं आहेतच. सगळं सरकारवर ढकलता येणार नाही. पण याच पंधरा वर्षांत भारताची पवनक्षमता चार गिगावॅटवरून सदतीसच्या पुढे गेली. क्षेत्र नऊपट झालं आणि त्यातली सगळ्यात ठळक कंपनी जवळजवळ संपली. २०२४ मध्ये तोच शेअर ८० च्या वर गेला, हेही सांगायला हवं. ‘दहा वर्षं विसरून जायचं’ म्हणता तेव्हा हा आलेख एकदा उघडून बघा.

सौरमध्ये करार २५ वर्षांचे आणि दर बहुधा तितकी वर्षं गोठलेला. ढोबळ हिशेब असा: एका मेगावॅटला सुमारे चार कोटी लागले, त्यातले तीन कोटी कर्जाचे. वर्षाला १८-२० लाख युनिट, अडीच रुपयांनी ४५-५० लाख. नऊ टक्क्यांनी पहिल्या वर्षाचं व्याजच २७ लाख, मुद्दल वेगळं. व्याजदर एक टक्का वाढला की तीन लाख गेले. म्हणून प्रकल्प चालवणारी कंपनी ही मला शेअरच्या वेषातली मुदत ठेव वाटते, आणि तिला नफ्याच्या वीसपट-तीसपट भाव द्यायचं कारण मला कळत नाही.

तेही करार पाळला गेला तर. २०१९ मध्ये आंध्रात सरकार बदललं आणि नव्या सरकारनं आधीचे सौर-पवन करार महाग म्हणून पुन्हा उघडले. उच्च न्यायालयानं कंपन्यांच्या बाजूनं निकाल दिला तो मार्च २०२२ मध्ये. मधल्या काळात बँकेचे हप्ते काही थांबले नव्हते.

पॅनेल बनवणाऱ्यांची गोष्ट उलटी. एप्रिल २०२२ पासून आयात पॅनेलवर ४० टक्के सीमाशुल्क आहे, शिवाय मंजूर उत्पादकांची सरकारी यादी. त्यांचा आजचा नफा बऱ्याच अंशी या भिंतीआडचा आहे. आत सगळेच कारखाने वाढवतायत, तेव्हा भिंत जागेवर राहिली तरी आपसातल्या स्पर्धेत दर पडू शकतात.

मग मी काय करीन? घ्यायचेच असतील तर या क्षेत्रात एक लाखाच्या वर जाणार नाही, आणि त्यातही पारेषणाला, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या कंपन्यांना, आधी जागा देईन, कारण सूर्याची असो की कोळशाची, वीज तारेतूनच जाते. प्रकल्पवाल्या कंपनीचा अहवाल उघडलात तर तीन गोष्टी शोधा: वितरण कंपन्यांकडून येणं किती महिन्यांचं थकलंय, कर्ज किती, आणि ‘हातातल्या’ प्रकल्पांपैकी वीजखरेदी करार सही झालेले किती. लिलाव जिंकला पण वीज घ्यायला कुणी राज्य पुढे येत नाही, असे प्रकल्प देशात ढिगानं पडून आहेत.

आणि पाच लाखांतला पहिला खर्च स्वतःच्या छतावरच्या सौर पॅनेलवर करा. तीन किलोवॅटला पीएम सूर्यघरचं ७८,००० अनुदान आहे, योजना २०२६-२७ पर्यंत. अनुदान वजा जाता लाख-सव्वालाख पडतील, महिन्याला ३५० च्या आसपास युनिट निघतील. तुमचा वापर तीनशेच्या घरात असेल तर चार-पाच वर्षांत पैसे सुटतात. वापर शंभराच्या आत असेल तर घाई नको, त्या टप्प्याचा दर मुळातच कमी आहे. आणि गरजेपेक्षा मोठी यंत्रणा बसवू नका: वर्षाअखेर उरलेली युनिटं महावितरण अगदी कमी दरानं घेते. गेल्या बारा महिन्यांची बिलं इथे टाका (ग्राहक क्रमांक झाकून), किती किलोवॅट लागतील ते काढून देतो.