ऑफिसच्या फोनचं कॉल राउटिंग लावताय? आयव्हीआर सगळ्यात शेवटी बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा की नाशिककडे ठिबक आणि पंपांचं दुकान आहे, सेल्सला चार जण, सर्व्हिसला तीन, अकाउंटला एक आणि काउंटरवर एक ताई, नवीन फ्रीपीबीएक्स (ऑफिसचे फोन चालवणारं सॉफ्टवेअर) बसवलाय, चार चॅनलची सिप ट्रंक (इंटरनेटवरून येणारी फोन लाइन, एका वेळी चार कॉल) आहे, जुनी लँडलाइनपण गेटवेतून (तिला सिस्टिमला जोडणारा डबा) जोडलीये, आणि आता आयव्हीआर ('अमुकसाठी १ दाबा' सांगणारं रेकॉर्डिंग) किती लेव्हलचा ठेवायचा आणि कॉल कुठे कुठे फिरवायचे ते कळत नाहीये. हे की क्लाउड (दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर चालणारी फोन सिस्टिम) घ्यायला हवं होतं असंही विचारलंय. मी पुणे आणि आसपास हीच कामं करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आयव्हीआर डोक्यातून काढा. एक कागद घ्या आणि कॉल आल्यापासून तो कुठे कुठे जाईल ते बाणांनी काढा, आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारा, इथे कोणी उचललाच नाही तर पुढे काय? रिंग ग्रुप (फोनांचा गट) असो, क्यू (कॉलची रांग) असो, टाइम कंडिशन (वेळेप्रमाणे कॉल वळवणारी सेटिंग) असो, प्रत्येकाच्या खाली पुढचं ठिकाण निवडायची सोय असते आणि बरेच जण घाईघाईत तिथे हँगअप टाकून मोकळे होतात. मग लंच टायमाला चारही पोरं जेवायला बसली की गिऱ्हाईकाला दहा रिंगनंतर कट, आणि तो पुढच्या दुकानाला फोन लावतो. प्रत्येक बाण शेवटी एकतर माणसावर संपला पाहिजे नाहीतर त्या माणसाचा नंबर आपल्याकडे नोंद होऊन दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्याला फोन करेल अशा जागी. तिसरा पर्याय नाही. व्हॉइसमेलवर तर भरवसा ठेवूच नका, आपल्याकडे बीप वाजल्यावर कोणी बोलत नाही, लोक फोन ठेवून देतात.

आता इनबाउंड रूट, म्हणजे बाहेरून आलेला कॉल कुठे न्यायचा तो नियम. सिप ट्रंकवाला तुमचा नंबर नक्की कोणत्या फॉर्मात पाठवतो ते लॉग उघडून बघा, कोणी ०२५३ लावून पाठवतो, कोणी ९१२५३, कोणी शून्य काढून, आणि तुम्ही डीआयडीच्या (ज्या नंबरावर कॉल आला तो) रकान्यात वेगळं लिहिलंत की रूट मॅच होत नाही, कॉल पडतो आणि तुम्हाला वाटतं ट्रंकच बंद आहे. म्हणून डीआयडी आणि सीआयडी (फोन करणाऱ्याचा नंबर) दोन्ही रिकामे ठेवून एक जास्तीचा रूट करून ठेवा, तो थेट ताईंच्या फोनवर, जे कुठेच बसत नाही ते निदान तिथे वाजेल. लँडलाइनवरून डीआयडी येतच नाही, त्यामुळे गेटवेमध्ये त्या लाइनला एखादा नंबर तुम्हीच नेमून द्यायचा आणि त्याचा वेगळा रूट करायचा. जुनी गिऱ्हाइकं त्याच लाइनवर फोन करणार, तर तिला आयव्हीआर लावूच नका असं माझं मत, सरळ ताईंकडे, १५ सेकंद, मग सेल्सकडे. आपल्याकडची ट्रिंगट्रिंग म्हणजे एक फेरी ३ सेकंदांची, म्हणजे १५ सेकंदात पाच वेळा वाजतं, तेवढं पुरे. ३० सेकंद ठेवलेत तर पुढच्या टप्प्याला पोचायच्या आत समोरचा कंटाळलेला असतो.

सेल्सचा विषय जरा नाजूक आहे. चारही फोन एकदम वाजवले म्हणजे रिंगऑल, तर जो सगळ्यात चपळ आहे किंवा ज्याचं टेबल दाराशी आहे त्यालाच सगळी चौकशी मिळते आणि बाकीचे कुरकुर करतात. ठरलेल्या क्रमाने वाजवले तर पहिलाच माणूस मरतो आणि चौथा मोबाइल बघत बसतो. आणि हे भांडण आजचं नाही बरं का, ऑटोमॅटिक टेलिफोन एक्स्चेंज ज्याने आणलं तो आल्मन स्ट्राउजर अमेरिकेत कॅन्सस सिटीत अंत्यविधीचा धंदा करायचा, आणि गोष्ट अशी सांगतात की एक्स्चेंजमधली ऑपरेटर त्याची गिऱ्हाइकं त्याच्या स्पर्धकाकडे वळवते असा त्याला संशय आला आणि वैतागून त्याने ऑपरेटरच नको असं यंत्र केलं. १८९१ चं पेटंट आहे ते, पुढच्या वर्षी इंडियाना राज्यात ला पोर्टला पहिलं एक्स्चेंज सुरू झालं. तर मुद्दा, सेल्सला रिंग ग्रुप नको, क्यू करा, आणि स्ट्रॅटेजी आरआरमेमरी निवडा, म्हणजे मागच्या वेळी ज्याच्यापर्यंत आलं होतं त्याच्या पुढच्यापासून सुरू होतं. पाळीपाळीने सगळ्यांना कॉल जातात आणि भांडण मिटतं. जे फोनवर बोलतायत त्यांना वगळायचा ऑप्शनही चालू करा, नाहीतर बोलत असताना कानात बीप वाजत राहते.

क्यू घ्यायचं दुसरं कारण जास्त मोठं आहे. आयव्हीआरने किंवा रेकॉर्डिंगने कॉल उचलला की सीडीआर रिपोर्टमध्ये (सगळ्या कॉलची नोंद) तो 'आन्सर्ड' दिसतो, मग पुढे कोणी माणूस बोलला नसला तरी! महिनाअखेरीला मालक रिपोर्ट बघून खूश, सगळे कॉल उचलले म्हणून, आणि तिकडे निम्मी गिऱ्हाइकं म्युझिक ऐकून गेलेली. क्यूच्या लॉगमध्ये मात्र वाट बघून सोडून गेलेले कॉल वेगळे दिसतात, नंबरासकट. ती यादी रोज संध्याकाळी ताईंना काढायला सांगा आणि त्यांनी एकेकाला परत फोन करायचा. सगळ्या सिस्टिममध्ये याच्याइतका पैसे वसूल करणारा भाग दुसरा नाही. क्यूला कमाल थांबायचा वेळ एक मिनिट ठेवा, मग ताईंकडे, त्यांनी नाही उचललं तर 'तुमचा नंबर मिळालाय, आम्ही फोन करतो' एवढं रेकॉर्डिंग आणि बंद. क्यूमध्ये एकही जण लॉगिन नसेल तर कॉल आत घ्यायचाच नाही ही सेटिंगपण बघून घ्या, नाहीतर रविवारी कोणीतरी रिकाम्या खोलीला म्युझिकवर थांबलेला असतो.

सर्व्हिसची पोरं शेतावर असतात म्हणजे त्यांचे मोबाइल जोडावे लागणार आणि खरी डोकेदुखी इथेच आहे.

एक तर चॅनल. बाहेरून आलेला कॉल तुम्ही मोबाइलवर पाठवलात की एक येणारा आणि एक जाणारा असे दोन चॅनल अडकतात. तुमच्याकडे चारच आहेत, म्हणजे दोन सर्व्हिस कॉल चालू असताना तिसऱ्याला एंगेज. आणि तिघांचे मोबाइल एकदम वाजवायला गेलात तर तेवढ्यात चारही चॅनल संपले. म्हणून मोबाइल एकामागून एक लावा, आणि प्रत्येकाला २०-२५ सेकंद द्या कारण मोबाइलला कॉल लागेपर्यंतच काही सेकंद जातात. दुसरं, १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन लावताना आधी शून्य लावावा लागतो, तर आउटबाउंड रूटमध्ये दहा आकडी मोबाइलच्या आधी शून्य लागेल असं बघा, ट्रंकवाल्याला वेगळा फॉर्म हवा असेल तर त्याप्रमाणे. फक्त मोबाइललाच कॉल जात नाही, बाकी सगळं ठीक आहे अशी तक्रार असली की आधी इथे बघायचं.

तिसरं म्हणजे लँडलाइनच्या गेटवेतून मोबाइल फिरवू नका. साध्या अॅनालॉग लाइनवर समोरच्याने उचलला की नाही हे सिस्टिमला कळायला लाइनवर पोलॅरिटी रिव्हर्सल (उचलल्यावर लाइनचं प्लस-मायनस उलटं होणं) लागतं, ते नसेल तर नंबर डायल झाला की सिस्टिम समजते उचलला, मग बाकीचे फोन वाजायचे थांबतात आणि गिऱ्हाईक नुसती रिंग ऐकत बसतं. तसंच फोन ठेवलेलाही कळत नाही आणि लाइन अडकून राहते, त्याला गेटवेमध्ये बिझी टोन ओळखायची सेटिंग चालू करावी लागते. त्यामुळे मोबाइलला जाणारं सगळं सिप ट्रंकवरून, आणि रिंग ग्रुपमध्ये 'कन्फर्म कॉल्स' चालू करा, म्हणजे मोबाइलवाल्याने १ दाबल्यावरच कॉल जोडला जातो. ते रिंगऑललाच चालतं, म्हणून प्रत्येक मोबाइलचा वेगळा रिंगऑल ग्रुप करून एकाच्या पुढे दुसरा जोडा. पोरं सुरुवातीला वैतागतील, आठवड्याभरात सवय होते. अजून एक, मोबाइलवर त्यांना शेतकऱ्याचा नंबर बहुतेक दिसणार नाही, ऑफिसचाच दिसेल, कारण ऑपरेटर दुसऱ्याचा नंबर दाखवू देत नाहीत. तेव्हा त्यांनी कॉलवरच नंबर विचारून घ्यायचा.

काहीजण सांगतील हे कशाला, सरळ सिमवरून कॉल फॉरवर्ड लावून टाका. ऑफिसच्या मोबाइलला ते चालतं, पण फॉरवर्ड केलेल्या कॉलची नोंद तुमच्या सिस्टिममध्ये राहत नाही. आणि *४०१# वाली फॉरवर्डिंगची सोय फ्रॉडमुळे १५ एप्रिल २०२४ पासून दूरसंचार खात्याने बंद करायला लावली, तर कोणी फोन करून हा कोड दाबा म्हणत असेल तर मुळीच दाबायचा नाही, हे स्टाफलापण सांगून ठेवा.

वेळेचं बोलायचं तर तुमच्या धंद्याला साडेनऊ ते साडेसहा चालणार नाही. शेतीची थ्री फेज लाइट पाळीने येते, कधी दिवसा कधी रात्री, आणि पंप बंद पडल्याचा फोन लाइट असेल तेव्हाच येणार. म्हणून दोन टाइम कंडिशन करा, सेल्स आणि अकाउंटला दुकानाची वेळ, सर्व्हिसला सकाळी सात ते रात्री दहा आणि दुकान बंद झाल्यावर ज्याची पाळी असेल त्याच्या एकट्याच्या मोबाइलवर. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट कायमचे टाकून ठेवा, पाडवा, गणपती, दिवाळी दरवर्षी बदलावे लागतात. अचानक दुकान बंद ठेवायचं झालं तर ओव्हरराइडचा (वेळेची सेटिंग हाताने बदलायचा) कोड असतो, तो ताईंच्या फोनच्या एका बटणावर लावून द्या, दिवा लागला की बंद, एवढं त्यांना कळलं की झालं. सर्व्हरचा टाइमझोन एशिया कोलकाता आहे ना तेवढं तपासा, नाहीतर साडेपाच तासांचा घोळ होतो.

आता आयव्हीआर. एकच लेव्हल, मराठीत, भाषा निवडायला लावू नका. 'नमस्कार, अमुक एजन्सी. नवीन मालासाठी १, दुरुस्तीसाठी २, नाहीतर थांबा.' संपलं. अकाउंटला वेगळा नंबर नको, ताई देतील जोडून. काहीच दाबलं नाही किंवा चुकीचं दाबलं तर दोन्ही वेळा ताईंकडेच, पुन्हा पुन्हा तेच ऐकवायचं नाही, वयस्कर माणसं कानाला लावलेला फोन खाली घेऊन बटण शोधत बसत नाहीत. आयव्हीआर उचलायच्या आधी दोन रिंग जाऊ द्या, मिस्ड कॉल देणारे भरपूर असतात, त्यांचे पैसे कशाला घालवायचे, आणि त्यांचा नंबर तसाही येतोच. बटण दाबलेलं कळत नसेल तर डीटीएमएफ मोड (बटणांचे टोन पाठवायची पद्धत) ट्रंकवाल्याचा आणि तुमचा एकच आहे का बघा, बहुतेक आरएफसी २८३३ किंवा ४७३३ लिहिलेलं असतं. एका बाजूचाच आवाज येत असेल तर राउटरमधलं सिप एएलजी (सिप कॉलमध्ये ढवळाढवळ करणारी सेटिंग) बंद करून बघा.

क्लाउडचं म्हणाल तर घेतलेलं परत करू नका. दुकानातलं नेट रोज जात असेल तरच क्लाउडचा विचार करा, नाहीतर नऊ जणांना हे पुरून उरतं. फक्त सर्व्हरचं वेब पान आणि ५०६० पोर्ट (सिप कॉलचा दरवाजा) बाहेरच्या इंटरनेटला उघडं सोडू नका, एक्स्टेंशनचा (आतल्या फोनचा) पासवर्ड एक्स्टेंशनचाच नंबर असा ठेवू नका, आणि ट्रंकवाल्याला लेखी मेल करून आयएसडी बंद करून घ्या. चोर शनिवारी रात्री घुसतात आणि सोमवारी दुकान उघडेपर्यंत परदेशी नंबरांवर कॉल चालू असतात, बिल तुमच्या नावावर.

सगळं लावून झालं की टेस्ट बाहेरच्या मोबाइलवरून करा, आतल्या एक्स्टेंशनवरून केलेली टेस्ट इनबाउंड रूटला शिवतच नाही. प्रत्येक बाणावर मुद्दाम फोन न उचलता शेवटपर्यंत ऐका. ट्रंकचा लॉग काढलात आणि काही अडलं तर त्यातले नंबर खोडून इथेच टाका, बघतो.